तीस दिवसांचा नवरा

टोर्बेन केल्डसेनने तो तक्ता भिंतीवर लावायचं ठरवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. वहीत केला असता तर निलाने तो वाचला नसता आणि पुढचं रामायण टळलं असतं. पण त्रेचाळीस वर्षं ओडेन्सच्या रेल्वे कचेरीत गाड्यांची वेळापत्रकं आखलेल्या माणसाला वहीतला तक्ता म्हणजे तक्ताच वाटत नाही. त्याला भिंत लागते, चार फूट रुंद कागद लागतो आणि तीन रंगांची शाई लागते.

प्रश्न तसा साधा होता. निवृत्त होऊन टोर्बेन डेन्मार्कहून बायकोच्या गावी, फिलिपिन्समधल्या दुमागेते शहराच्या वरच्या डोंगरात राहायला आला त्याला अकरा महिने झाले होते. येताना मिळालेला एका वर्षाचा शिक्का संपत आला होता. आता पुढे कुठला व्हिसा घ्यायचा?

वाटा तीन होत्या. एक निवृत्तांचा व्हिसा. बँकेत गलेलठ्ठ ठेव ठेवायची आणि स्वस्थ बसायचं. दुसरा बायकोचा. म्हणजे इथली नागरिक असलेल्या बायकोने सरकारला लिहून द्यायचं की हा माझा नवरा आहे, सरळमार्गी आहे, याला राहू द्या. तिसरा तर व्हिसाच नव्हे, नुसता शिक्का. परदेशातून परतताना इथली बायको शेजारी उभी असली, की विमानतळावरचा अधिकारी, त्याची मर्जी असेल तर, नवऱ्याला एक वर्ष देऊन टाकतो. गेल्या वर्षी तसंच मिळालं होतं. वर्ष भरायच्या आत देशाबाहेर जायचं, बायकोसकट परत यायचं, की पुढचं वर्ष सुरू.

टोर्बेन तीन दिवस तक्त्याला भिडला होता. चौथ्या दिवशी दुपारी निला कापलेल्या आंब्यांची ताटली घेऊन आली, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि तक्त्यासमोर उभी राहिली.

"हे 'पत्नीची गरज नाही' असं लिहिलंयस, ते कशाखाली येतं?"

टोर्बेनने पाहिलं. ते निवृत्तांच्या व्हिसाच्या रकान्यात होतं, हिरव्या शाईत, 'फायदे' या मथळ्याखाली.

"ते तांत्रिक आहे," तो म्हणाला.

"आणि 'पत्नीवर अवलंबून'?"

ते बायकोच्या व्हिसाच्या रकान्यात, 'तोटे' या मथळ्याखाली होतं. लाल शाईत. खाली रेघही मारली होती.

"तेही तांत्रिकच आहे."

निलाने चष्मा काढला, आंब्यांची ताटली उचलली आणि ती स्वयंपाकघरात परत गेली. (या घटनेची तक्त्यात नोंद झाली नाही.)

टोर्बेनला काहीतरी बिनसल्याचं कळत असे, पण काय ते कळायला त्याला साधारण दोन दिवस लागत. सत्तावीस वर्षांच्या संसारात निलाने हा उशीर गृहीत धरायला शिकून घेतलं होतं. त्याने मात्र तासाभरात तोडगा काढल्याच्या थाटात स्वयंपाकघरात डोकावून सांगितलं, "आपण शिक्काच घेऊ. त्यात तर तू लागतेसच."

"किती गुण पडले त्याला?"

"सत्याऐंशी."

"फुकट आहे त्याचे किती?"

टोर्बेन प्रामाणिक माणूस होता. "चाळीस," तो म्हणाला.

तर असे ते दोघं सिंगापूरला गेले. तिथे निलाची मावसबहीण मेर्लिंदा एका बँकेत नोकरीला होती. दोन दिवस राहायचं, पोटभर खायचं आणि परत यायचं, एवढाच बेत. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी जेवताना मेर्लिंदाने सहज विचारलं, "दाजी, तुमच्यासारख्या माणसाने दरवर्षी असं विमानाने ये-जा करायची? सरळ कायमचा व्हिसा का नाही घेत?"

आता इथे टोर्बेनला विनोद सुचला. त्याला वर्षाकाठी दोन-तीनच विनोद सुचत, त्यामुळे सुचलेला वाया जाऊ देणं त्याच्या जिवावर येई.

"याच्यासारखं सोपं काही नाही," तो म्हणाला. "अर्ज नको, कागद नकोत. फक्त बायको बरोबर आणायची. हातातल्या सामानासारखी."

मेर्लिंदाचा नवरा हसला आणि बायकोकडे बघून थांबला. निला कोळंबी सोलत होती. तिने ती सोलून पूर्ण केली, मेर्लिंदाच्या पानात ठेवली, हात धुतले आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती टोर्बेनशी जे बोलली ते सगळं मिळून एवढंच होतं: "पासपोर्ट घे."

विमानात दोघांच्या जागा वेगवेगळ्या होत्या. शेजारी बसायचे जादा पैसे पडत होते आणि तीन तासांसाठी ते द्यावेत असं टोर्बेनला बुकिंगच्या वेळी वाटलं नव्हतं. त्याला पुढे जागा मिळाली, निलाला मागे शौचालयाजवळ. सेबूला विमान उतरलं तसा तो लांब ढांगा टाकत सगळ्यांच्या आधी रांगेत जाऊन उभा राहिला. रांगेत पहिला नंबर लागला की त्याला आतून बरं वाटत असे. निला मागून येईलच, असा त्याचा हिशोब होता.

निला आलीही. ती त्याच्या शेजारून गेली, पलीकडच्या 'फिलिपिनो नागरिक' पाटीच्या रांगेत उभी राहिली, दीड मिनिटात शिक्का मारून घेतला आणि मागे न बघता सामानाच्या पट्ट्याकडे चालती झाली.

टोर्बेनचा नंबर आला. काउंटरवर पन्नाशीच्या, केसांचा घट्ट अंबाडा बांधलेल्या एक बाई होत्या.

"एकटेच?"

"नाही. पत्नीसोबत आहे. एक वर्षाचा शिक्का हवाय."

बाईंनी त्याच्या डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मग खुर्चीतून जरा उठून काउंटरच्या खाली पाहिलं.

"कुठे आहे पत्नी?"

"ती पुढे गेली." टोर्बेनने घाईघाईने प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेला लग्नाचा दाखला पुढे सरकवला. "हे बघा, सही, शिक्का, भाषांतर, सगळं आहे."

"सर," बाई समजुतीने म्हणाल्या, "यात कागद चालत नाही. बाई लागते."

मागे कोरियन पर्यटकांची एक आख्खी सहल खोळंबली होती. बाईंनी हात करून सुरक्षारक्षकाला बोलावलं आणि टोर्बेनने बोट करून दाखवलेल्या लाल ब्लाउजवाल्या मॅडमना घेऊन यायला सांगितलं. पट्टा तिथून दिसत होता. रक्षक निलाजवळ गेला. त्याचं बोलणं ऐकू आलं नाही, पण निलाचं आलं, कारण ते साऱ्यांना ऐकू यावं अशीच तिची इच्छा होती.

"मॅडम, तुमचे यजमान तिकडे राहिलेत."

"राहू द्या. हातातलं सामान पट्ट्यावर येत नाही. ते ज्याचं त्याने आणायचं असतं."

रक्षकाने तिला कसंबसं समजावून आणलं. ती आली ती ढकलगाडीसकट, त्यावर दोघांच्या बॅगा ठेवून.

"मॅडम, हे तुमचे यजमान?" अंबाड्याच्या बाईंनी विचारलं.

"कागदावर आहेत."

"तुमच्याबरोबर प्रवास करतायत?"

"विमान एकच होतं."

"निला," टोर्बेन हळूच म्हणाला, "लोक बघतायत."

"यांना एक वर्ष द्यायचं का?" बाईंनी विचारलं. प्रश्न कोणाला आहे हे कोणालाच सांगावं लागलं नाही.

निलाने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाजारात पपई घेताना ती अशीच बघत असे.

"नाहीतर किती देता?"

"तीस दिवस."

"तीस पुष्कळ झाले," निला म्हणाली. "बघू काय करतो ते."

अंबाड्याच्या बाईही कोणाच्या तरी बायको असाव्यात, कारण त्यांनी शिक्का जो हाणला त्याने पेनांचा डबा हलला. टोर्बेनने पासपोर्ट उघडून पाहिला. आजवर त्याला शिक्षा म्हणून काही मिळालेलं नव्हतं. शाळेतही नाही. आणि आता सहासष्टाव्या वर्षी सरकारी शाईत तीस दिवस.

सेबूहून घरापर्यंत आधी बस आणि मग बोट. बोटीवर वारा चांगला होता, लोकांनी डबे उघडले होते. टोर्बेनने धीर केला.

"अगं, तो विनोद होता."

"कळलं मला," निला समुद्राकडे बघत म्हणाली. "मग मीही केला."

घरी पोचेपर्यंत ही बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती. (मेर्लिंदाने ती सिंगापूरहून फोनवर कळवली होती, आणि तिला ती निलाने विमानतळावरूनच कळवली होती.) फाटकाशी शेजारीण भेटली, तिने टोर्बेनला आदराने विचारलं, "किती राहिले?"

"एकोणतीस," तो म्हणाला.

त्याला वाटलं होतं घरी भांडण होईल. भांडणाची त्याची तयारी होती. बोटीवर त्याने मुद्देही काढून ठेवले होते. पण निला भांडलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये पाहुण्यांसाठीचा, सोनेरी काठाचा कप, बशीखाली विणलेला रुमाल, आणि केळीच्या पानात गुंडाळलेला गरम चिकट भात.

"सर, साखर किती?"

न्हाणीघरात नवा टॉवेल टांगलेला होता. उशीचे अभ्रे परीटघडीचे. जेवण झाल्यावर तो ताट घासायला उठला, तर तिने ते हातातून काढून घेतलं. "असू द्या सर, पाहुण्यांना काम सांगत नाहीत आमच्यात."

पहिले दोन दिवस टोर्बेनला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तो ओल्या चपलांनी घरात आला आणि निला काही बोलली नाही. चौथ्या दिवशी त्याने टेबलावर तेलाचा डबा सांडला. तिने हसून पुसून घेतलं. पाचव्या दिवशी सुतार आला आणि मागच्या पडवीला दार कुठे काढायचं ते निलाने एकटीनेच ठरवलं. टोर्बेन टेप घेऊन उभा होता, त्याला कोणी काही विचारलं नाही. सहाव्या दिवशी त्याची भूक गेली. सत्तावीस वर्षं जिच्या बोलण्याला तो कटकट म्हणत आला, ती कटकट म्हणजे आपलं घरातलं रेशनकार्ड होतं आणि ते आता रद्द झालंय, असं काहीतरी त्याला वाटायला लागलं.

"तीस दिवसांनी मी काय करू?" शेवटी त्याने विचारलं.

"पैसे भरून वाढवून मिळतात की," निला भाजी निवडत म्हणाली. "कितीतरी जण वाढवतात. दोन-दोन महिन्यांनी जायचं. पाहुणे तसंच करतात."

टोर्बेन खोलीत गेला. त्याने भिंतीवरचा तक्ता उतरवला, गुंडाळी केली आणि अंगण ओलांडून परसात गेला, जिथे निला आता पाचोळा जाळत होती. गुंडाळी त्याने त्यात टाकली. लाल शाई जरा जास्त वेळ जळत राहिली, किंवा त्याला तसं वाटलं.

"मला तुझा व्हिसा हवाय," तो म्हणाला.

"माझा कुठला? सरकारचा असतो."

"मग तू पत्र दे सरकारला."

"असं लगेच?" निलाने काठीने पाचोळा सारखा केला. "आधी कॅप्टनचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो. तो आणा. मग अर्जाचा विचार करू, सर."

कॅप्टन क्रिसोलोगो हा वस्तीचा निवडून आलेला प्रमुख. सगळ्या वस्त्यांच्या प्रमुखांना कॅप्टनच म्हणतात. याने बोट सोडाच, साधी होडीही कधी वल्हवली नव्हती. निला त्याची लांबची आत्या लागे. टोर्बेन गेला तेव्हा तो ओसरीवर बसून आपल्या झुंजीच्या तांबड्या कोंबड्याच्या पायांना तेल चोळत होता.

"या, नोंग टोबेन, बसा. किती राहिले?" (नोंग म्हणजे दादा. नावातला र कॅप्टन गाळत असे.)

"एकवीस. मला चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवाय."

"देऊ की." कॅप्टनने कोंबडा काखेत धरला आणि दुसऱ्या हाताने कपाटातून एक फाईल काढली. "तुमची फाईल आहे माझ्याकडे. नाही म्हटलं तरी वस्तीत एवढा पत्रव्यवहार कोणी करत नाही." त्याने एक पत्र उघडलं. "हे मार्चचं. 'पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याविषयी तक्रार.' हे एप्रिलचं. 'स्मरणपत्र.' आणि हे मे महिन्याचं, याला तक्ता जोडलाय. अकरा दिवस, कोंबडा किती वाजता आरवला, किती वेळ आरवला, सरासरी किती उशीर."

"उशीर नाही," टोर्बेन म्हणाला. "अनियमितता."

"तोच हा कोंबडा," कॅप्टन म्हणाला. कोंबड्याने टोर्बेनकडे एका डोळ्याने पाहिलं. "शिवाय गेल्या वर्षी जूनमध्ये, तुम्ही आल्या आल्या, कराओकेच्या आवाजाबद्दल आहे एक. ते आमच्या आईच्या वाढदिवसाचं होतं. तेव्हा आता मला सांगा, याला वर्तणूक चांगली म्हणायची, का नुसती वर्तणूक म्हणायची?"

टोर्बेनने मान खाली घातली. आपण अकरा दिवस पहाटे उठून घड्याळ लावून बसलो होतो, त्यात कोंबड्याचा काय दोष, हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

"मी तक्रार मागे घेतो."

"ते कागदावरचं झालं. शनिवारी दुपारी आईचा पंच्याऐंशीवा आहे. निला आत्याला घेऊन या. एक गाणं म्हणा. आईला बरं वाटेल, दाखला सोमवारी घेऊन जा."

"मला गाणी येत नाहीत."

"कोणाला येतात?" कॅप्टन म्हणाला.

शनिवारी कॅप्टनच्या अंगणात निम्मी वस्ती जमली होती. आख्खं डुक्कर भाजलं होतं, शेवयांच्या पराती होत्या आणि मधोमध ते गाण्याचं यंत्र. निला बायकांत जाऊन बसली. टोर्बेनच्या हातात माइक आला. यंत्रातल्या यादीत हजारो गाणी होती. त्यातलं त्याला एकही येत नव्हतं. म्हातारी पुढच्या खुर्चीत, डोक्यावर कागदाचा मुकुट घालून, कौतुकाने वाट बघत होती. कॅप्टनने आपल्या मनाने कुठलीतरी चाल लावून दिली. संगीत सुरू झालं. पडद्यावर शब्द सरकायला लागले, ते तिथल्या बिसाया भाषेत होते. टोर्बेनने डोळे मिटले आणि त्याला जे एकच पाठ येत होतं ते त्याने म्हणायला सुरुवात केली.

"ओडेन्स," तो म्हणाला. "न्यूबोर्ग. कोर्सोर. स्लागेल्से."

कोणाला वाटलं प्रार्थना आहे. म्हातारीने तर छातीवर क्रूसाची खूण केली. टोर्बेनचा आवाज हळूहळू चालीत बसला. "सोरो... रिंगस्टेड..." इथे त्याला दम लागला आणि तो थांबला.

"रोस्किल्ड," बायकांतून कोणीतरी म्हणालं.

निला होती. तिला स्वतःलाही ते तोंडून निघून गेल्यासारखं वाटलं असावं, कारण तिने लगेच शेवयांच्या ताटलीत मान घातली.

"कोपनहेगन," टोर्बेनने शेवट केला. मग संगीत संपेना म्हणून तो त्याच वाटेने परत ओडेन्सला आला. टाळ्यांचा कडकडाट झाला. यंत्राने त्याला अठ्ठ्याण्णव गुण दिले. (ते मोठ्याने म्हटलेल्या कशालाही देत असे, पण टोर्बेनला हे माहीत नव्हतं आणि कोणी सांगितलंही नाही.)

घरी परतताना उतारावर अजून ऊन होतं. थोडं अंतर चालून झाल्यावर निला म्हणाली, "सात बावीस."

"काय?"

"सात बावीसची गाडी. पहिली सात वर्षं, दर वर्षी, फाईल घेऊन त्याच गाडीने जायचे मी कोपनहेगनला. परवाना वाढवून घ्यायला. तुझ्या पगाराचे दाखले, भाड्याचा करार, तुझ्या भाषेच्या परीक्षेचे माझे गुण. आदल्या दिवशी तू वेळ लिहून द्यायचास. कुठला फलाट, कुठला डबा जिन्याजवळ येतो, सगळं." तिने वाटेतला एक दगड पायाने बाजूला सारला. "एकदाही चढला नाहीस गाडीत."

टोर्बेन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. या खेपेला त्याला कळायला दोन दिवस लागले नाहीत.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "गाडी वेळेवर पोचली की माझं काम झालं."

"गाडी वेळेवरच पोचायची," निला म्हणाली. "पुढे चार तास रांगेत मी एकटी असायचे. आत गेल्यावर ते विचारायचे, नवरा आला नाही का. मी सांगायचे, कामात आहे. ते एकमेकांकडे बघायचे. आणि तू मेर्लिंदाच्या घरी बसून म्हणतोस, अर्ज नको, कागद नकोत, नुसती बायको आणायची."

टोर्बेनला खूप काही म्हणायचं होतं. त्याच्या भाषेत त्यासाठी शब्द कमी होते आणि तिच्या भाषेतले त्याला येत नव्हते. तो एवढंच म्हणाला, "चुकलं माझं." आणि तिच्या हातातली उरलेल्या शेवयांची पिशवी त्याने स्वतःकडे घेतली.

घरी आल्यावर तो मळक्या चपलांनी आत गेला. "अरे, ती फरशी निघताना पुसलीय," निला मागून ओरडली, "आंधळा आहेस का?" टोर्बेनला भरून आलं. तो बाहेर येऊन पायरीवर बसला आणि त्याने दोन्ही चपला नीट पुसून काढल्या.

सोमवारी दाखला मिळाला. 'वर्तणूक चांगली, आवाज बरा,' असं कॅप्टनने लिहिलं होतं. निलाने पत्र लिहायला एक आख्खी सकाळ घेतली. टोर्बेनला तिने स्वयंपाकघरात फिरकू दिलं नाही. तो अंगणात येरझाऱ्या घालत राहिला आणि आतून मधूनच तिचं हसणं ऐकू आलं की जागीच थांबून कान देई. पत्र लिफाफ्यात घालून तिने चिकटवून टाकलं.

अर्ज सव्विसाव्या दिवशी दाखल झाला. मधली मुदत पैसे भरून वाढवून घ्यावी लागली, त्याला इलाज नव्हता. अडीच महिन्यांनी शहरातल्या कचेरीतून दोघांना बोलावणं आलं. टोर्बेनने सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला, आणि फाईल त्याने स्वतःच्या हातात धरली. रांग मोठी होती. निलाला एक खुर्ची मिळाली, तो शेजारी उभा राहिला. दोन तास उभा राहिला. त्याने एकदाही घड्याळ बघितलं नाही असं तो सांगतो. निला म्हणते, चारदा बघितलं.

आतला अधिकारी तरुण होता, मृदू बोलणारा. त्याने लिफाफा फोडला, पत्र मनाशी वाचलं, मग परत पहिल्यापासून मोठ्याने वाचलं.

"'महोदय, माझे यजमान टोर्बेन केल्डसेन यांना मी सत्तावीस वर्षं ओळखते. ते प्रामाणिक आहेत. त्यांना खोटं बोलता येत नाही, जिथे दोन शब्द खोटे बोलायला हवेत तिथेही येत नाही. ते दारू पीत नाहीत, जुगार खेळत नाहीत, दुसऱ्या बाईकडे बघत नाहीत. समोर मी असले तरी त्यांचं लक्ष नसतं. ते घोरतात, पण ठरलेल्या वेळी. त्यांना या देशात राहू द्यावं ही विनंती. कारण तुम्ही त्यांना परत पाठवलंत तर ते तिकडे एकटे काय खातील या काळजीने मला मागोमाग जावं लागेल, आणि आता तिथली थंडी माझ्या गुडघ्यांना सोसणार नाही.'"

खोलीत पंखा फिरत होता. टोर्बेन फाईलच्या कडेकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं, ते जरा जास्तच मोठ्याने झालं.

"सर, तुम्हाला यात काही दुरुस्ती सुचवायचीय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नाही," टोर्बेन म्हणाला. "सगळं बरोबर आहे."

अधिकाऱ्याने तीन ठिकाणी सह्या घेतल्या आणि पासपोर्टवर शिक्का मारला, हळुवारपणे, डबा न हलवता. टोर्बेनने तो दोन्ही हातांनी घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कोणाच्या तरी शब्दावर कुठेतरी राहणार होता, आणि त्याला वाटलं होतं तेवढं ते मनाला लागलं नाही.

"म्हणजे आता मी कायमचा," तो म्हणाला.

"तसं नाही, सर," अधिकारी म्हणाला. "पहिलं एक वर्ष प्रोबेशनवर असतं. वर्षाने पुन्हा यायचं. मॅडमनी तेव्हा सांगितलं की सगळं ठीक चाललंय, की मग कायमचं."

टोर्बेन बावीस वर्षांचा असताना रेल्वेत एकदा प्रोबेशनवर होता. तेव्हा साहेब दिवसभर त्याच्या मागे उभा असे.

"आणि हे ठीक चाललंय की नाही, ते कोण तपासतं?" त्याने विचारलं.

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण लावलं आणि त्याच पेनाने निलाकडे दाखवलं.

दोघं बाहेर आले. भर दुपार होती, पोटात कावळे कोकलत होते. टोर्बेनने छत्री उघडून बायकोच्या डोक्यावर धरली, तीनचाकी थांबवली, तिला आधी बसू दिलं, कुठे जेवायचं ते तिलाच ठरवायला सांगितलं, आणि ती म्हणाली त्या खानावळीत तिने मागवलेलं सगळं, आवडत नसलेल्या कारल्यासकट, निमूट खाल्लं.

निलाने हात धुतले आणि पर्समधून पेन काढून रुमालाच्या कागदावर एक रेघ ओढली.

"पहिला दिवस बरा गेला," ती म्हणाली. "राहिले तीनशे चौसष्ट."